तळाच्या चार बाटल्या

परळ, १९ ऑक्टोबर २०२४

लवूदादा,

तुझा नंबर माझ्याकडे आहे, तरी पत्र लिहितेय. फोनवर तू ‘बोल गो’ म्हणालास की माझं मुद्द्याचं राहून जातं. कमलामावशीच्या बाराव्याला आपण दोन तास शेजारी बसलो आणि वरण गरम आहे का, एवढंच बोललो. मावस का होईना, भाऊ आहेस, असं व्हायला नको होतं.

बुधवारी संस्थेतून आम्ही बोट घेऊन समुद्रात गेलो होतो. तीच चार ठिकाणं, तुझ्या वेळची, तीस मीटर पाण्यातली. पद्धतही तीच आहे, तू विसरला नसशील. तळाचं पाणी बाटलीत घ्यायचं, डेकवरच पहिलं औषध घालायचं, मग दुसरं. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा. तळाच्या चारही बाटल्यांत पांढरा बसला.

मला वाटलं, माझंच चुकलं. पहिलं औषध विसरलं तरी पांढराच बसतो. म्हणून औषधाच्या नव्या बाटल्या फोडून पुन्हा केलं. पुन्हा पांढरा. मग दीपकनं, माझ्या सहकाऱ्यानं, मोजणीची सळई खाली सोडली. आता अशी यंत्रं आली आहेत, हात नको की औषध नको. वरच्या पाण्यात आकडा चांगला होता, बावीस मीटरखाली तो घसरत गेला आणि तळाला जवळजवळ शून्य. ग्रॅबच्या पंजानं तळाचा चिखल उपसला तर तो काळा निघाला, सडक्या अंड्यासारख्या वासाचा. त्यातले किडे बिळांतून अर्धे बाहेर येऊन सैल पडले होते. एक खेकडा होता, मी बोट लावलं तर त्यानं नांगी उचलली नाही.

पावसाळा संपला की खोल समुद्रातलं गार, प्राणवायू कमी असलेलं पाणी तळातळानं किनाऱ्याकडे सरकतं. वरचं गरम, कमी खारं पाणी त्याच्यावर झाकणासारखं बसतं. आपल्या शहराची घाण खाली कुजत असते, ती उरलासुरला प्राणवायू खाते. मासा पोहून पळतो. चिखलात राहणाऱ्यांना जाता येत नाही.

काल जुनं रजिस्टर काढलं. ११ ऑक्टोबर २००३. तळाचे चार आकडे, चारही शून्य, माझ्या अक्षरात. त्यांवर आपल्या तेव्हाच्या प्रमुखांची, शरदचंद्र सरांची, लाल रेघ आणि शेजारी, ‘पहिले औषध घातले नाही. परिचराची चूक.’

परिचर म्हणजे तू. पुढच्या महिन्यात तुझी रोजंदारी बंद झाली.

दादा, तुला त्या दिवसाचं काय आठवतं? जे आठवेल ते लिही.

रुपाली

---

माझगाव, २७ ऑक्टोबर

रुपा,

तुझं पत्र आलं तेव्हा तुझ्या लक्ष्मीवहिनीला वाटलं कोर्टाचं. पोस्टमनकडून सही करून घेतलं तिनं आणि मी कामावरून येईपर्यंत फ्रिजवर ठेवलं, हात लावला नाही. म्हटलं, बाई, माझ्या बहिणीचं आहे. म्हणाली, बहिणीला काय झालं पत्र लिहायला, मेली का कोणी?

मी बरा आहे. बोटीच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये आहे, धक्क्याजवळच. लाकडाचं काम, वडिलोपार्जित हात आहे, जमतं. गुडघा दुखतो.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मला त्या दिवसाचं सगळं आठवतं, कारण नंतर मी ते लय वेळा डोक्यात फिरवलं आहे. आधी मला वाटायचं, पहिलं घातलं होतं मी. पण सर एवढे शिकलेले, ते म्हणाले नाही घातलं, मग नसेल घातलं. सकाळी चहापण नव्हता घेतला, बोट हलत होती, झालं असेल. मी ते मान्य केलं आहे. तेव्हापासून मला खोड लागली, खिळा मारला की मोजतो, बोल्ट आवळला की परत बघतो. शेडमध्ये मला ‘दोनदा’ म्हणतात. दोनदाला बोलवा रे. लक्ष्मी म्हणते, ह्यो माणूस गॅस बघूक तीनदा उठता. उठतासच तर च्या तरी ठेवा.

त्या दिवशीचा चिखल तू लिहिलास तसाच होता. काळा, वासाचा, किडे बाहेर. आणि शिंपल्या होत्या, तोंड उघडलेल्या, पण आत जीव होता, दाबलं तर मिटत नव्हत्या. सरांना मी बोललो होतो, सर, खाली काहीतरी झालंय. ते म्हणाले, लवू, तू बाटल्या बघ.

आता तू म्हणतेस पांढरं खरं होतं. म्हणजे मी विसरलो नव्हतो? मी हे वाक्य लिहून बराच वेळ बसलो.

तू शेजारीच होतीस. तू माझ्यासाठी सरांशी बोलली असशीलच. त्यांनी ऐकलं नसणार. तुझीपण तेव्हा नवीन नोकरी, किती बोलणार. त्याचं मनात ठेवू नको.

लवूदादा

---

परळ, ८ नोव्हेंबर

लवूदादा,

दिवाळीभर तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. तुझं शेवटचं वाक्य वाचल्यावर गप्प राहता आलं असतं. दोन दिवस तसा विचारही केला, तोही तुला कळू दे.

मी सरांशी बोलले नव्हते.

धक्क्यावर उतरल्यावर सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘लवूनं पहिलं घातलेलं तू पाहिलंस का?’ मी म्हणाले, ‘माझं लक्ष नव्हतं, सर.’

लक्ष होतं. चारही बाटल्यांच्या वेळी मी तुझ्या उजव्या हाताला वही घेऊन उभी होते. चारही वेळा तू आधी पहिलं घातलंस, मग दुसरं, मग बूच लावून बाटली उलटी केलीस. मी पाहिलं.

का म्हणाले तसं? मी कायम होणार होते डिसेंबरमध्ये. हे कारण खरं आहे, पण ते एकच आहे का, मला सांगता येत नाही. तुला मीच चिकटवलं होतं तिथे, ‘तुझा भाऊ म्हणून बोलतेस’ असं सर म्हणतील ही भीती होती. आणि शून्य येऊ शकतं यावर माझाच विश्वास नव्हता. सरांनी शिकवलं होतं, शून्य आलं की आधी हात तपासा, मग समुद्र. मला वाटलं, मी चुकीचं पाहिलं असेल. आज लिहिताना हे तिसरं कारण सगळ्यांत सोयीचं वाटतं, म्हणून त्याच्यावर माझा भरवसा नाही.

एकवीस वर्षं मी दर ऑक्टोबरला त्याच पाण्यावर जाते. मधली काही वर्षं बोटच मिळाली नाही, काही वर्षं आकडे कमी आले, पण शून्य नाही. त्यामुळे आज आमच्या आलेखात २०२४ हे पहिलंच वाईट वर्ष दिसतं. २००३ खोडलेलं आहे ना. उद्या कोणी विचारलं, हे कधीपासून होतंय, तर आमचं उत्तर चुकीचं असेल, आणि ते मी चुकवलेलं आहे.

यापुढे तू पत्र लिहिलं नाहीस तर ते मला समजेल.

रुपाली

---

माझगाव, ३० नोव्हेंबर

रुपाली,

पत्र मिळालं. तीन आठवडे झाले, माहीत आहे.

आकांक्षा तुला माहीत आहे, माझी मुलगी. बारावीला केमिस्ट्रीत ब्याऐंशी पडले होते. लॅबचा कोर्स करायचा म्हणाली. मी नाही म्हणालो. म्हटलं, आपल्या हाताला औषधं नाहीत, उद्या कोणाचं रक्त तपासशील आणि विसरशील. ती रडली, लक्ष्मी माझ्याशी भांडली, मी ऐकलं नाही. आता लोअर परळला कॉल सेंटरला आहे, कानाला डबडं लावून दिवसभर लोकांच्या शिव्या खाते.

तिला काय सांगू? तुझ्या आत्याचं लक्ष नव्हतं?

माझी आई, तुझी कमलामावशी, गेली तोवर म्हणायची, लवूला चांगली नोकरी लागली होती, त्यानं घालवली. शेजारच्या गंगुबाईला सांगायची, नव्या सुनांना सांगायची. आई गेली आता. तिला कोण सांगणार?

आता तू काय करणार आहेस ते लिही. माफीबिफी लिहू नको, मला त्याचं काय करायचं कळत नाही. चिखलाचं मी सांगितलंय, ते पण लिहून घे तुमच्या रजिस्टरात, माझ्या नावानं.

लवू

---

परळ, १५ डिसेंबर

लवूदादा,

काय केलं ते क्रमानं लिहिते.

गिरगावला सरांकडे गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, डोकं शाबूत आहे. नलूताईंनी, त्यांच्या पत्नीनं, पोहे केले आणि आत गेल्या. मी रजिस्टरच्या पानाचा फोटो समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून म्हणाले, ‘तू पाहिलं म्हणाली असतीस तर मी रेघ ओढली नसती. प्रश्नचिन्ह टाकलं असतं. प्रश्नचिन्ह टाकायला मला कोणीतरी पाहिलेलं हवं होतं.’ मग म्हणाले, ‘हात तपासा असं शिकवलं मी तुम्हाला. पण दर वेळी तपासला तो सगळ्यांत खालच्या माणसाचा. स्वतःचा नाही.’ जिना उतरताना ते मागून आले आणि तू कुठे असतोस हे विचारलं. मी माझगाव म्हटलं, पत्ता दिला नाही. तुझ्या परवानगीशिवाय देणार नाही.

मग अनुजा मॅडमकडे गेले. त्या आता आमच्या प्रमुख आहेत, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी म्हटलं, जुन्या नोंदीवर दुरुस्तीचं टिपण लावायचंय, माझ्या सहीनं, का लावतेय ते लिहून. त्यांनी मसुदा वाचला. म्हणाल्या, ‘शेवटचा परिच्छेद काढ. औषध बरोबर असल्याचं आता लक्षात आलं, एवढं पुरे. विचारल्यावर तू खोटं सांगितलंस असं लिहिलंस तर एका वाक्यानं तुझी एकवीस वर्षांची सगळी रजिस्टरं संशयात जातील. आणि ती फक्त तुझी नाहीत, संस्थेची आहेत.’ त्यांचं चूक नाही. मी तीन दिवस फिरत राहिले. घरी भांडी घासायला घेते आणि नळ तसाच सोडून उभी राहते. परिच्छेद काढला, परत घातला, पुन्हा काढला. गेल्या सोमवारी परिच्छेदासकट मसुदा पाठवला. माझी रजिस्टरं त्या ओळीनं संशयात जाणार असतील तर जावीत, दीपक माझे जुने आकडे पुन्हा तपासायला बसलाय. मला यंदा मिळायची होती ती बढती थांबवून ठेवली आहे. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तू विचारलंस काय करणार आहेस, त्याचा हा भाग आहे.

आता चिखलाचं. हे तुला आवडणार नाही.

तू सांगितलेला चिखल मी रजिस्टरात घेऊ शकत नाही. तू खोटं सांगतोस म्हणून नाही. पहिल्या पत्रात मी तुला आमचा यंदाचा चिखल वर्णन करून सांगितला, आणि मग विचारलं, तुला काय आठवतं. आधी उत्तर सांगून प्रश्न विचारला. आता तुझं त्यातलं किती आणि माझं किती, हे तुलाही सांगता येणार नाही, मलाही नाही. कोरा प्रश्न विचारला असता तर तुझी साक्ष राहिली असती. शिंपल्या मी लिहिल्या नव्हत्या, त्या तुझ्याच आहेत, मला माहीत आहे. पण एकदा पाणी मिसळलं की कुठलं कुठून आलं हे वेगळं करता येत नाही. मी ती साक्ष बिघडवली. दुसऱ्यांदा.

टिपणात फक्त मी स्वतः पाहिलेलं आहे. चारही बाटल्यांत लवू भिवा मेस्त्री यांनी दोन्ही औषधं क्रमानं घातली, हे मी शेजारी उभी राहून पाहिलं. चारही आकडे ग्राह्य धरावेत. प्रत सोबत आहे.

रुपाली

---

माझगाव, २६ जानेवारी २०२५

रुपा,

आज सुट्टी म्हणून लिहायला बसलो. टिपण आल्या दिवशीच वाचलं होतं, नंतर बऱ्याचदा. दोनदा नाही, जास्तच.

चिखलाचं वाचून पहिल्यांदा डोकं फिरलं. तेव्हापण माझं खरं नव्हतं, आतापण नाही, असं लक्ष्मीला म्हणालो. ती म्हणाली, तुमका चार लोकांनी सांगितल्यावर तुमका पण दिसाक लागता, ता खरा. माझ्या बहिणीच्या लग्नात तुम्ही भांडलात असं तुम्ही सांगता, भांडला होता तो माझा भाऊ. शिंपल्या मी पाहिल्या एवढं मात्र मी कोणाला सोडणार नाही. लिहू नको, पण पाहिल्या.

आकांक्षाला सगळं वाचून दाखवलं, तुझी पत्रं आणि ते टिपण. ती चिडली. तुझ्यावर नाही, माझ्यावर. मग म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा तरी परत जाऊन विचारायचं ना, की बघा बरं नीट. मी म्हटलं, कोणाला विचारणार? म्हणाली, आत्याला. लॅबच्या कोर्सला वय गेलं का, ते ती बघते आहे. मी मध्ये पडत नाही.

आता जे लिहायचं ते. टिपण चुकलं आहे.

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीला तू माझ्या उजव्या हाताला होतीस, बरोबर. तिसऱ्याला नव्हतीस. तिसऱ्या ठिकाणी लाट आडवी लागली आणि तू वही दोराच्या वेटोळ्यावर टाकून कठड्याला धावलीस. ओकत होतीस. मी बाटली तशीच खाली ठेवली, तुला चूळ भरायला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, मग परत येऊन बाटलीला लागलो. त्यात पहिलं घालून उठलो होतो की घालायचं राहिलं होतं, मला तेव्हापण सांगता आलं नसतं. सर ओरडले तेव्हा माझ्या डोक्यात तीच बाटली होती. म्हणून तर मी एवढ्या लवकर मान्य केलं. एक चुकली असेल तर चारही चुकल्या असतील, असं झालं माझं.

तू लिहिलंस, चारही वेळा पाहिलं. तू कसं पाहिलंस, तुझं तोंड समुद्राकडे होतं. एकदा पाहिलेलं पाहिलं नाही म्हणालीस. आता न पाहिलेलं पाहिलं म्हणू नको, आणि माझ्यासाठी तर नकोच. तीन दे. तिसरी खोडलेली राहू दे.

सरांना पत्ता दे. ते आले तर चहा देईन. बोलेन की नाही, बघू.

राग आहे अजून. थोडा कमी.

लवूदादा

---

परळ, ४ फेब्रुवारी

लवूदादा,

तुझं पत्र वाचल्यावर मी सगळ्यांत आधी ते तपासायला बसले की मी खोटं लिहिलं होतं की चुकीचं आठवलं होतं. चारही बाटल्या मला खरंच दिसत होत्या. तुझा हात, पिपेट, उन्हात चमकणारं बूच, तिसऱ्या ठिकाणचंसुद्धा. आणि तरीही तू सांगितल्याबरोबर कठड्याचं गंजलेलं लोखंड तळहाताला लागलेलं आठवलं. आता हे आठवणं तरी माझं आहे का तुझ्या पत्रातून आलंय? मला कळत नाही. तुला पूर्ण सोडवायचं होतं, तीन बाटल्यांनी सोडवल्यासारखं वाटलं नसतं, म्हणून तिसरीही मी जोडून घेतली असेल. तुझ्या उपयोगाचं होतं म्हणून मी ते तपासलं नाही. २००३ मध्ये जे माझ्या उपयोगाचं होतं ते तपासलं नव्हतं.

नवं टिपण दिलं आहे. पहिला, दुसरा आणि चौथा आकडा ग्राह्य. तिसरा नाही. तिसऱ्यापुढे मी ‘चूक’ लिहिलेलं नाही, ‘माहीत नाही’ असं लिहिलं आहे. आलेखात २००३ आता आलं, तीन ठिपके तळाशी आणि मध्ये एक मोकळी जागा. दीपकनं ती जागा भरायला सरासरी घालू का विचारलं. मी नको म्हणाले.

अनुजा मॅडम वैतागल्या. दोन महिन्यांत एकाच पानावर दुसरी दुरुस्ती. म्हणाल्या, ‘आता हा आक्षेप कोणी घेतला? सरांनी?’

मी म्हटलं, ‘नाही. ज्यानं बाटल्या भरल्या, त्यानं.’

त्यांनी पेन पुढे केलं आणि म्हणाल्या, ‘मग आक्षेप घेणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव लिही.’ मी लिहिलं. पदाचा रकाना होता, तिथे काय लिहायचं म्हणून थांबले. मॅडमनी वाकून पाहिलं आणि त्यांनीच सांगितलं, ‘नमुने घेणारे.’

रुपाली